ती घात आणि तो घात

मराठीत 'घात' हा शब्द दोन लिंगांत वावरतो. 'ती घात' म्हणजे जमिनीतला ओलावा आणि ऋतू यांचा पेरणीला अनुकूल असा मेळ. 'तो घात' म्हणजे नाश. 'घात साधली' आणि 'घात झाला' ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी एकाच हंगामात येऊ शकतात आणि त्यांच्यामध्ये कधी कधी जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर असते. कृषिशास्त्र शिकत असताना गव्हाच्या पेरणीच्या तारखांचा प्रयोग माझ्या वाट्याला आला, तेव्हा या शब्दाचे दोन्ही अर्थ मी एकाच शेतात, शेजारशेजारच्या वाफ्यांत पाहिले. त्या वेळी हा प्रयोग मला अगदी नीरस वाटला होता. एकच वाण, तेच खत, तेच पाणी आणि पाच वेगवेगळ्या तारखांना केलेली पेरणी. यात शोधण्यासारखे काय असणार, असा माझा समज होता.

दर दोन पेरण्यांमध्ये चौदा दिवसांचे अंतर ठेवले होते, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या पेरणीत 56 दिवसांचे. पाचव्या वाफ्यात कोंब जमिनीबाहेर डोकावत होते, तेव्हा पहिल्या वाफ्यातला गहू पोटरीला आला होता, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणातच फुगत होती. पुढे मात्र हे अंतर आपोआप आटत गेले. ओंब्या निसवल्या, म्हणजे आवरणातून बाहेर पडल्या, तेव्हा ते पाच-सहा आठवड्यांवर आले होते आणि कापणीच्या वेळी उरले होते साडेतीन आठवडे. मी मोठ्या समाधानाने वहीत लिहिले, 'उशिरा पेरलेल्या गव्हाने बराचसा वेळ भरून काढला.' माझ्या मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात तीनच शब्द लिहिले : 'कशातून भरून काढला?'

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी गव्हाचे घड्याळ समजून घ्यावे लागते, कारण गहू दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने 1735 मध्येच ही कल्पना मांडली होती की पिकाच्या एखाद्या अवस्थेपर्यंतच्या रोजच्या तापमानांची बेरीज केली, तर ती बेरीज दिवसांच्या संख्येपेक्षा अधिक स्थिर असते. आज आपण तिला अंश-दिवस म्हणतो. गव्हाच्या बाबतीत शून्य अंश सेल्सिअस हा पाया धरून दिवसाचे सरासरी तापमान मिळवत जायचे. पाने फुटण्याचा हिशेब त्यावरून सहज कळतो. एकामागून एक पान बाहेर यायला साधारण 100 अंश-दिवस लागतात. म्हणजे सरासरी 20 अंश तापमानात दर पाच दिवसांनी एक पान आणि 10 अंशांत दर दहा दिवसांनी एक. पेरणीची तारीख बदलली की बियाणे या उष्णतेच्या प्रवाहात वेगळ्या ठिकाणी पडते, आणि तिथून पुढे त्याचा प्रत्येक टप्पा वेगळ्या वेगाने पार पडतो.

पण हे घड्याळ निव्वळ उष्णतेचे असते, तर हिशेब फारच सोपा झाला असता. उशिरा उगवलेल्या रोपाला पान काढण्यासाठी लागणारी अंश-दिवसांची बेरीजही थोडी कमी होते, आणि उगवणीच्या सुमारास दिवसाची लांबी ज्या गतीने बदलत असते तिच्याशी याचा संबंध असल्याचे 1980 च्या सुमारास इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी दाखवून दिले. शिवाय अशा रोपाच्या मुख्य ताटावर एकूण पानेच कमी येतात. पाने कमी म्हणजे फुटवेही कमी, कारण फुटवा पानाच्या बेचक्यातूनच निघतो आणि त्याची पाळी मुख्य ताटावरच्या पानांच्या क्रमाने येते. सामान्यतः चौथे पान उलगडू लागते, तेव्हा पहिल्या पानाच्या बेचक्यातला फुटवा दिसतो. उशिरा पेरलेल्या वाफ्यात रोपे पातळ दिसतात ती यामुळे. ती रोगट नसतात. त्यांना फुटायला सवडच मिळालेली नसते. उशिराच्या पेरणीसाठी बियाण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने वाढवायला आणि ओळी जवळ घ्यायला सांगतात, त्यामागचा हिशेब हाच आहे : फुटव्यांची उणीव रोपांच्या संख्येने भरायची. ती पुरती भरून निघत नाही, हे मात्र सांगणारा सहसा सांगत नाही.

खरा धक्का मला सूक्ष्मदर्शकाखाली बसला. दर आठवड्याला प्रत्येक वाफ्यातली काही रोपे उपटून आणायची, बाहेरची पाने एकेक करून सोलायची आणि शेवटी सुईच्या टोकाने आतली इवलीशी पाने दूर करून वाढबिंदूपर्यंत पोचायचे, असे ते काम होते. सुरुवातीला तो वाढबिंदू काचेच्या घुमटासारखा, पारदर्शक आणि मिलिमीटरहूनही लहान असतो आणि त्याच्या कडेला पानांच्या कड्या उमटत असतात. मग एखाद्या आठवड्यात त्याच कड्या जोडीजोडीने दिसू लागतात. प्रत्येक जोडीतली खालची कडी म्हणजे कधीच पूर्ण न होणारे पान आणि वरची म्हणजे कणिशिका, ओंबीवरचा दाणे धरणारा छोटा झुबका. बाहेरून पाहणाऱ्याला वाफा अजून गवतासारखाच दिसत असतो, आणि आत मात्र ओंबीची मांडणी सुरू झालेली असते. त्यानंतर काही आठवड्यांत सर्वांत वरची, शेवटची कणिशिका तयार होते. ती बाकीच्यांना काटकोनात वळलेली असते. पिकलेली कोणतीही गव्हाची ओंबी हातात घेऊन शेंड्याकडून पाहिले, तरी हे वळण नुसत्या डोळ्यांना दिसते. ती घडली की ओंबीवरच्या कणिशिकांची संख्या कायमची ठरते. पुढे कितीही खत घाला, कितीही पाणी द्या, एकही वाढत नाही. हा क्षण नेमका कांडी धरण्याच्या, म्हणजे ताट उंच वाढू लागण्याच्या, सुरुवातीला येतो, म्हणजे ओंबी दृष्टीस पडण्याच्या कितीतरी आधी.

पहिल्या वाफ्यातल्या रोपाने ही मांडणी थंडीत, सावकाश आणि निवांतपणे केली होती. पाचव्या वाफ्यात तीच मांडणी घाईने उरकली गेली होती : जोड-कड्या लवकर दिसल्या, शेवटची कणिशिकाही लवकर आली आणि दोन्हींच्या मधल्या काळात बसलेल्या कणिशिका मोजल्या तर साहजिकच कमी निघाल्या. समासातल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला तिथे मिळाले. वेळ भरून काढला तो पानांतून, फुटव्यांतून आणि कणिशिकांतून.

ही घाई रोपाला कोण करायला लावते? ऊब तर लावतेच, पण वाढत जाणारा दिवसही लावतो. गहू हे दीर्घदिवसी पीक आहे; दिवस मोठा होऊ लागला की ते फुलोऱ्याकडे धाव घेते. याच्या जोडीला थंडीची एक अट असते, जिला वासंतीकरण म्हणतात. हिवाळी गव्हाच्या वाणांना फुलोऱ्याकडे वळण्यापूर्वी काही आठवडे थंडी अनुभवावी लागते. ती न मिळता वसंतात पेरले, तर ते उन्हाळाभर नुसते गवतासारखे फुटत राहतात. अमेरिकेतल्या क्लिपार्टने ओलसर बियाण्याला थंडीत ठेवून हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, अशी नोंद 1857 मध्ये केली होती. जर्मनीच्या गास्नर याने 1918 मध्ये थंडीची ही गरज पद्धतशीर प्रयोगांतून दाखवली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात कृषितज्ज्ञ लिसेन्कोने या क्रियेला प्रसिद्धी मिळवून दिली, मात्र पुढे अशा संस्काराने बियाण्याची आनुवंशिकताच बदलते असा दावा त्याने केला. तो चुकीचा होता, आणि त्या दाव्याला राजसत्तेचे पाठबळ मिळाल्याने तिथल्या आनुवंशिकीचे आणि आनुवंशिकी जाणणाऱ्या माणसांचे जे नुकसान झाले, त्याची कथा इथे सांगण्यासारखी नाही. वासंतीकरणाला जबाबदार असणारी जनुके 2003 पासून एकामागून एक हाती लागली. माझ्या वाफ्यांतला गहू वसंती प्रकारचा होता, त्याला थंडीची सक्ती नव्हती. म्हणूनच उशिरा पेरूनही तो निसवला तरी. हिवाळी वाण असता, तर पाचव्या वाफ्यात मोजायला ओंब्या मिळाल्याच असत्या असे नाही.

या सगळ्या घड्याळांचे काटे अखेर ज्या एका घटनेकडे निर्देश करतात, ती म्हणजे फुलोरा. गव्हाचा फुलोरा फार साधासुधा असतो. ओंबीच्या मधल्या भागात आधी, मग वर आणि खाली, असे पिवळसर परागकोश कुसळांमध्ये लोंबू लागतात. ते दिसतात तोवर आतले परागण बहुतेक उरकलेले असते, कारण गहू मुख्यतः स्वपरागित आहे. पण त्या दिवसाच्या आधीचे सुमारे वीस आणि नंतरचे दहा, असे तीस दिवस पिकाचे भवितव्य ठरवतात. प्रत्येक कणिशिकेत आठ-दहा पुष्पिकांची सुरुवात झालेली असते; त्यांतल्या दोन ते चारच दाणा धरतात, बाकीच्या याच काळात सुकून जातात. कोणत्या जगतील हे त्या काळात वाढत्या ओंबीला किती अन्न मिळते यावर अवलंबून असते, आणि त्याच वेळी ताटही झपाट्याने वाढत असल्यामुळे दोघांत ओढाताण चालू असते. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ टोनी फिशर यांनी 1985 मध्ये याचे एक सुटसुटीत माप मांडले : फुलोऱ्यापूर्वीच्या त्या काळात मिळणारा सूर्यप्रकाश भागिले तापमान. ऊन भरपूर आणि हवा थंड असेल, तर रोपाला अन्न जास्त मिळते आणि ते वापरायला दिवसही जास्त मिळतात, म्हणून दाणे जास्त. ऊन तेवढेच पण हवा गरम, तर दिवस कमी आणि दाणेही कमी. हे माप पहिल्यांदा वाचले, तेव्हा माझी सगळी वही मला एका ओळीत मावल्यासारखी वाटली.

याच कारणाने मला आता 'पेरणीची योग्य तारीख' हा शब्दप्रयोग अर्धवट वाटतो. योग्य तारीख फुलोऱ्याची असते. पेरणीची तारीख तिच्यापासून उलटी मोजत काढायची असते. वाणाला फुलोऱ्यापर्यंत किती अंश-दिवस लागतात, थंडीची अट आहे का, दिवसाच्या लांबीला ते किती दाद देते, हे कळले की त्याच्या पेरणीची वेळ ठरते, आणि म्हणूनच शेजारशेजारच्या दोन शेतांत दोन वाणांची घात वेगळी असू शकते.

फुलोऱ्याच्या खिडकीला दोन्ही बाजूंनी धोका असतो. ती फार लवकर उघडली, तर उशिरा येणारी हिमाची एखादी रात्र पोटरीतली किंवा नुकतीच बाहेर आलेली ओंबी मारून टाकते; बाहेरून ताट हिरवेगार आणि ओंबी पांढरी, पोकळ. फार उशिरा उघडली, तर उष्णता. पोटरीत असताना परागकण तयार होण्याचा जो अल्पसा काळ असतो, त्यात तापमान तीस अंशांच्या वर गेले तर परागकण वांझ निघू शकतात, आणि मग परागकोश दिसतात खरे, पण दाणा धरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातले गहू उत्पादक हिम आणि उष्णता यांच्यामधली ही फट शोधण्यातच सगळे कसब पणाला लावतात.

समासातल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर फुलोऱ्यानंतरचे आहे. दाणा भरायला लागणारी उष्णतेची बेरीज ढोबळमानाने 700 अंश-दिवसांच्या आसपास धरली, तर सरासरी 17 अंशांत दाण्याला सुमारे 41 दिवस मिळतात आणि 24 अंशांत अवघे 29. गरम हवेत दाणा रोज थोडा जास्त वेगाने भरतो, हे खरे. पण वेगातली वाढ दिवसांतल्या घटीला पुरी पडत नाही. आतली यंत्रणाही साथ सोडते. दाण्यात स्टार्च जोडणारे विकर (एन्झाइम) उष्णतेला विशेष हळवे असते, त्यामुळे साखर ताटात शिल्लक असूनही दाण्यात स्टार्चची भर मंदावते. प्रथिनांवर याचा परिणाम तुलनेने कमी होतो, म्हणून सुरकुतलेल्या दाण्यात प्रथिनांचे शेकडा प्रमाण उलट वाढलेले दिसते. पाचव्या वाफ्याच्या नमुन्यात प्रथिने जास्त निघाली, तेव्हा मी पुन्हा एकदा खूश झालो होतो. दाण्याने काही मिळवले नव्हते. स्टार्च गेल्यामुळे भागाकारातला छेद तेवढा लहान झाला होता.

लवकर पेरण्याची हौसही निर्धोक नसते. माती गरम असताना पेरलेल्या बियाण्याचा कोंबावरचा आवरणकोश आखूड राहतो, आणि बी खोल पडले असेल तर पहिले पान जमिनीखालीच उलगडून वाट चुकते. वसंती वाण उबेत भराभर पुढे सरकते, फुटवे नीट फुटण्याआधीच कांडी धरते आणि ऐन थंडीत निसवते. मावा अजून फिरत असतो आणि तो पिवळा खुजेपणा आणणारा विषाणू रोपांत सोडून जातो. अमेरिकेत हेसियन माशी या गव्हावरच्या किडीसाठी तर प्रत्येक भागाची एक तारीख ठरलेली असते, की त्या तारखेनंतर पेरले तर माशीचे प्रौढ कीटक संपलेले असतात. तेव्हा घात म्हणजे फक्त हवामानाशी साधलेला मेळ नाही. ती किडींच्या वेळापत्रकात सापडलेली फटही आहे.

आणि मातीचे तर वेगळेच. तिसऱ्या पेरणीच्या आदल्या आठवड्यात वाफ्याला दिलेले पाणी जरा जास्त झाले होते. ठरलेल्या तारखेला माती हातात घेऊन दाबली, तर तिचा गोळा होऊन बोटांचे ठसे उमटत होते. वाफसा आलेला नव्हता. तीन दिवस थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, कारण आराखड्यात चौदा दिवसांचे अंतर लिहिले होते आणि ते मोडणे मला अशास्त्रीय वाटले. बी चिकट मातीत दडपले गेले, वर कडक पापुद्रा धरला, आणि ओळींमध्ये हातभर-हातभर लांबीचे खाडे पडले. त्या वाफ्याचे उत्पादन दुसऱ्या आणि चौथ्या वाफ्यांच्या मध्ये बसायला हवे होते, ते चौथ्याच्याही खाली गेले. आलेखात तो बिंदू अजूनही दाताच्या खिंडीसारखा दिसतो. तीन दिवसांच्या उशिराने जेवढे गेले असते, त्याच्या कितीतरी पट मी तारीख पाळून घालवले.

तो बिंदू सोडला, तर उरलेल्या आलेखाचा आकार जगात सगळीकडे दिसतो तसाच होता. माथा सपाट असतो आणि पुढे उतार लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या पेरणीच्या उत्पादनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. घसरण नंतर सुरू झाली. भारताच्या उत्तरेकडच्या भात-गहू पट्ट्यात हा उतार पुष्कळ मोजला गेला आहे, आणि योग्य काळ उलटल्यावर दर दिवसाला सुमारे एक टक्का उत्पादन जाते असा ढोबळ हिशेब तिथे रूढ आहे. तिथे उशीर आळसामुळे होत नाही. भात शेतातून निघत नाही तोवर गहू पेरता येत नाही, आणि भातानंतरच्या ओल्या, चिवट जमिनीची मशागत करण्यात आणखी आठवडे जातात. नांगरणी टाळून थेट धसकटांत पेरणारे यंत्र तिथे रुजले, त्यामागे मातीच्या प्रेमाइतकेच हे दिवस वाचवण्याचे कारण आहे. एकाच तारखेवर बोट ठेवून शिफारस करणारे तक्ते पाहिले की मला त्या सपाट माथ्याची आठवण येते. माथ्यावर चार दिवस इकडचे-तिकडचे क्षम्य असतात, उतारावर नसतात.

वाण बदलून घड्याळच बदलण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. मेक्सिकोत गव्हाची नवी वाणे घडवणारे नॉर्मन बोरलॉग यांनी 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षातून दोन पिढ्या घेण्यासाठी बियाणे उत्तरेच्या सोनोरातील सखल प्रदेश आणि मध्य मेक्सिकोतील तोलुकाचे उंच पठार यांच्यामध्ये खेळवायला सुरुवात केली. वेळ वाचवण्याची ती युक्ती होती. पण दोन्हीकडच्या वेगळ्या दिवसमानात जे तगले, ते दिवसाच्या लांबीला फारशी दाद न देणारे निघाले, आणि त्यामुळेच पुढे फार दूरदूरच्या अक्षांशांवर आणि पेरणीच्या वेगवेगळ्या काळांत चालले. दुसरी दिशा याच्या नेमकी उलट आहे. ऑस्ट्रेलियात अलीकडे थंडीची अट असलेली सावकाश वाढणारी वाणे बऱ्याच आधी पेरण्याचा विचार पुढे आला आहे : बी लवकर रुजते, मुळे खोल जातात, पण थंडीची अट पुरी होईपर्यंत रोप फुलोऱ्याकडे वळत नाही, आणि खिडकी चुकत नाही. पेरणी आणि फुलोरा यांना एकमेकांपासून सोडवण्याचा हा मार्ग मला अधिक हुशारीचा वाटतो. हवा तापत चालली आहे, आणि गव्हाच्या वाढीची तीस गणिती प्रतिमाने (मॉडेल्स) एकत्र तपासणाऱ्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सरासरी तापमानातल्या दर एक अंश वाढीमागे जगाचे गहू उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटेल असे काढले. वेळेवर पेरलेल्या गव्हालाही यापुढे उशिराचा गहू जगतो तसे काही प्रमाणात जगावे लागेल, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ.

त्या प्रयोगाची पाच कागदी पाकिटे मी अजून ठेवली आहेत. प्रत्येकात हजार दाणे मोजून भरले होते. पहिल्या पाकिटातला दाणा भिंगाखाली गोलसर, तुकतुकीत दिसतो आणि त्याची पोटावरची खाच अरुंद, मिटलेली असते. पाचव्यातला लांबट, गालफडे बसल्यासारखा, आणि त्याची खाच उघडी. हातावर घेतले तरी वजनातला फरक कळतो. मध्यंतरी ती पाकिटे उघडली, तेव्हा लक्षात आले की त्यांच्यावर मी ठळक शाईने फक्त पेरणीच्या तारखा लिहिल्या होत्या. वही शोधून काढली, लाल रेघेच्या पानापुढची नोंद पाहिली आणि प्रत्येक पाकिटावर, शाईतल्या तारखेखाली, पेन्सिलीने फुलोऱ्याची तारीख लिहिली. तिसऱ्या पाकिटावर लिहायला अडचण आली, कारण त्या वाफ्यात खाड्यांच्या कडेची रोपे आणि दाट ओळींतली रोपे एकाच दिवशी फुलली नव्हती. तिथे मी दोन तारखा लिहिल्या.